इंजिन उतरवलेली फोर्ड

1930 च्या दशकात वर्धा आणि सेवाग्रामच्या मधल्या रस्त्यावर एक अजब वाहन दिसायचं. लांबून बघितलं तर फोर्ड मोटार. स्टिअरिंग, गाद्या, मडगार्ड, रबरी टायर, सगळं जागच्या जागी. जवळ आलं की कळायचं, पुढं दोन बैल जुंपलेत. इंजिन काढून टाकलेलं होतं. बैलाला इंग्रजीत ऑक्स म्हणतात, म्हणून या गाडीचं नाव पडलं ऑक्सफर्ड. विलायतेच्या विद्यापीठाचं नाव वर्ध्याच्या बैलगाडीला! आश्रमातल्या मंडळींना हा विनोद फार आवडायचा.

गाडीचे मालक होते जमनालाल बजाज. वर्ध्याचे शेठ, कापसाचे व्यापारी, काँग्रेसचे खजिनदार आणि गांधीजींनी मुलासारखा मानलेला माणूस. पुढच्या काळात ज्या घराण्याचं नाव घरोघरच्या स्कूटरवर झळकलं, त्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या मोटारीतून इंजिन उतरवलं होतं. हे नाटक होतं, तत्त्व होतं की निव्वळ सोय होती? माझ्या मते तिन्हीचं थोडं थोडं मिश्रण. पण ते समजायला मागून सुरुवात करावी लागेल.

जमनालालजींचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. घर साधं. वर्ध्याच्या बच्छराज बजाज या श्रीमंत शेठजींना वारस हवा होता. त्यांचा दत्तक मुलगा वारला होता, म्हणून त्यांनी या चार-पाच वर्षांच्या पोराला नातू म्हणून दत्तक घेतलं. वाळूच्या मुलखातलं पोर काळ्या मातीच्या मुलखात आलं. शाळा झाली जेमतेम चौथीपर्यंत. इंग्रजी शिकायचं राहूनच गेलं. लग्न झालं 1902 मध्ये, जानकीदेवींशी. म्हणजे आज आपण आठवी-नववीत असतो त्या वयात यांचा संसार मांडून झाला होता.

या मुलाला खर्चायला रोज एक रुपया मिळायचा. त्या काळचा रुपया, लक्षात घ्या. त्यातून साठवलेले शंभर रुपये त्याने लोकमान्य टिळकांच्या केसरीची हिंदी आवृत्ती नागपूरहून निघणार होती तिला दिले. पुढं आयुष्यात त्यांनी लाखांनी देणग्या दिल्या, पण त्या शंभर रुपयांचा आनंद त्यांना शेवटपर्यंत जास्त वाटत राहिला.

मग आला तो प्रसंग. घरात कुठल्याशा लग्नाला निघायचं होतं. आजोबांचा आग्रह, अंगावर दागिने घाल. मुलगा म्हणाला, नाही. आजोबा भडकले, पैशावरून नको ते बोलले. सतरा वर्षांच्या मुलाने काय करावं? आपल्यापैकी बहुतेकांनी दार आपटून खोलीत जाऊन बसणं पसंत केलं असतं. याने स्टॅम्प पेपर आणला. तुमच्या इस्टेटीवर माझा काही हक्क नाही, मला दमडी नको, असं रीतसर लिहून दिलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडलं. पत्रात राग नव्हता. उलट आजोबांनी डोळे उघडले म्हणून आभारच मानले होते. समजूत घालून त्याला परत आणलं खरं, पण मनात एक गाठ बसली ती बसलीच. 1907 मध्ये बच्छराजजी गेले आणि सगळी इस्टेट याच मुलाकडे आली. आपण एकदा सोडलेली ही संपत्ती आपली नाही, आपण तिचे राखणदार, असा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. वारशाने आलेली रक्कम किती, तिचं व्याज किती, हे मांडून त्याहून जास्त पैसा त्यांनी सार्वजनिक कामाला दिला. भावनेच्या भरात दान करणारे खूप असतात. व्याजासकट हिशेब करून दान करणारा विरळा.

सरकारने त्यांना ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं, रायबहादूर केलं. गांधीजी आफ्रिकेतून परत आल्यावर जमनालालजी त्यांना जाऊन भेटले, आश्रमात राहिले, बारकाईने बघत राहिले. बोलणं आणि वागणं यात फरक सापडतो का, हे ते तपासत होते. फरक सापडला नाही, तेव्हा 1920 च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यांनी गांधीजींकडे एक विचित्र मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलगे होते. एकदा दत्तक गेलेला माणूस तिशीत स्वतःहून दुसऱ्यांदा दत्तक गेला, आणि या खेपेला बाप त्याने निवडला. रायबहादुरी परत केली. असहकारात वकिली सोडणाऱ्यांची घरं चालावीत म्हणून एक लाख रुपये दिले. एप्रिल 1921 मध्ये विनोबा वर्ध्याला आश्रम चालवायला आले, तेही यांच्याच आग्रहामुळे.

आता मोटारीकडे येऊ. कारण जमनालालजींच्या आयुष्यात मोटार दोनदा महत्त्वाची ठरते आणि फोर्डची गोष्ट दुसरी आहे.

पहिली 1923 ची. नागपुरात झेंडा सत्याग्रह पेटला होता. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायचं आणि अटक करून घ्यायची. नेतृत्व जमनालालजींकडे. त्यांना दीड वर्षाची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड झाला. दंड भरायचा नाही हे ठरलेलंच. सरकारने त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त करून लिलावाला काढली. गंमत पुढं आहे. बोली लावायला कुणी येईना. मध्य प्रांतात पैसेवाले काही कमी नव्हते, मोटार ही तेव्हा मिरवायची चीज, तीही स्वस्तात मिळणार. तरी एक माणूस पुढं झाला नाही. शेवटी ती विकायला काठियावाडात न्यावी लागली. पुढं तडजोड झाली, सत्याग्रही मुदतीआधी सुटले. पण आपल्या शहरात एक जप्त गाडी कुणी विकत घेत नाही, ही गोष्ट मला तरी कुठल्याही मोर्चापेक्षा मोठी वाटते.

दुसरी गोष्ट ऑक्सफर्डची. 1934 च्या सुमारास गांधीजी वर्ध्याला आले. ग्रामोद्योग संघासाठी जमनालालजींनी आपली बाग आणि बंगला दिला, त्याला मगनवाडी नाव पडलं. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी तिथून आठेक किलोमीटरवरच्या सेगावला राहायला गेले. हेच पुढचं सेवाग्राम. गावाला धड रस्ता नाही, पोस्ट नाही, काही नाही. विदर्भातली काळी माती ज्याने पावसाळ्यात तुडवली आहे त्याला सांगायला नको. चप्पल एका पावलाला एक किलोने जड होते. अशा चिखलात मोटार रुतली की शेवटी ओढून काढायला बैलच आणावे लागतात. मग आधीच बैल का नकोत?

गांधीजी स्वतः शक्यतो चालायचे. पण त्यांची तब्येत नरम असायची, भेटायला येणाऱ्यांत म्हातारे, आजारी, परदेशी, सगळे असायचे. लोखंडी धावेची दमणी आठ किलोमीटर हाडं खिळखिळी करते. फोर्डच्या सांगाड्याला स्प्रिंगा होत्या, हवेचे टायर होते, चाकात बेअरिंगं होती. इंजिनाचं ओझं उतरवल्यावर बैलांनाही ती ओढायला सोपी. म्हणजे हा जुगाड दिसायला विनोदी असला तरी डोक्याने केलेला होता.

इंजिन उतरवलं म्हणजे नेमकं काय काय उतरवलं, हे जरा बघू. तुमच्यापैकी ज्यांना जुनी जीप, जुना पिकअप खोलून बसायचा नाद आहे त्यांच्यासाठी हा मजकूर, बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

पेट्रोल जाळून जी शक्ती मिळते तिच्यातली जुन्या इंजिनात फार तर पाव हिस्सा चाकापर्यंत पोचते. उरलेली उष्णता होऊन जाते. थोडी सायलेन्सरमधून बाहेर, थोडी इंजिनाच्या लोखंडात. ती लोखंडातली उष्णता वाहून नेली नाही तर पिस्टन जाम होतो. म्हणून इंजिनाभोवती पाणी फिरवतात. ते तापतं, पुढच्या रेडिएटरमध्ये जातं, वाऱ्याने निवतं, परत येतं. फोर्डची सगळ्यात गाजलेली गाडी मॉडेल टी, 1908 ते 1927 या काळात जिच्या दीड कोटी गाड्या बनल्या. अगदी सुरुवातीच्या काही सोडल्या तर तिला पाण्याचा पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढायचं, रेडिएटरमध्ये थंड आणि जड होऊन खाली उतरायचं, पुन्हा इंजिनात शिरायचं. चुलीवरच्या पातेल्यात जे होतं तेच. तिच्यात साधारण अकरा लिटर पाणी मावायचं. चढावर, उन्हात ते उकळायचं आणि ड्रायव्हर डबा घेऊन ओढा शोधत फिरायचा.

थंड मुलखातल्या लोकांनी या वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग शोधला. गरम पाण्याची एक बारीक नळी केबिनमध्ये आणून छोट्या रेडिएटरमधून फिरवली की झाला हीटर. जुन्या पिकअपमध्ये या नळीवर एक कॉक असतो. हिवाळा आला की बॉनेट उघडून तो हाताने सोडायचा, उन्हाळ्यात बंद करायचा. पुढं त्याला डॅशबोर्डवरून ओढायची तार आली. कॉक पूर्ण बसला नाही तर भर उन्हाळ्यातही केबिनमध्ये गरम पाणी फिरत राहतं आणि बसणाऱ्याची भट्टी होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हीटर कुणाला हवाय! हा कॉक बंद करून विसरून जायचा. तरीही जुने मेकॅनिक एक गोष्ट सांगतात. घाटात इंजिन तापायला लागलं, काटा लाल रेषेकडे सरकला, तर हीटर पूर्ण सुरू करा. आत बसणाऱ्यांचे हाल होतील, पण तो छोटा रेडिएटर मोठ्याच्या मदतीला येतो, इंजिनाची उष्णता आणखी एका वाटेने बाहेर पडते आणि गाडी वाचते. (आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतोच.)

बैलाचं काय? बैलालाही पाणी लागतंच. ओढकाम करणारा बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पितो आणि घामावाटे, श्वासावाटे उष्णता टाकतो. म्हणजे इंजिन उतरवून जमनालालजींनी पाण्याची कटकट संपवली असं मुळीच नाही. फरक एवढाच की बैल तहानला की स्वतः थांबतो, आणि त्याचं इंधन त्याच काळ्या मातीत उगवतं. ऑक्सफर्डमागचं खरं अर्थशास्त्र हे होतं. पेट्रोलवर खर्च झालेला पैसा परदेशी जाणार, कडब्यावर खर्च झालेला सेगावातच राहणार. मगनवाडीत तेव्हा हाच विचार चालायचा. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, सगळ्यामागे हेच गणित.

पण मग जमनालालजींनी सगळीच इंजिनं उतरवली का? नाही. आणि इथं हा माणूस मला जास्त खरा वाटतो. वर्ध्याच्या रस्त्यावर बैलाची फोर्ड धावत होती, त्याच दशकात उत्तरेत गोला गोकर्णनाथला त्यांच्या घराण्याचा साखर कारखाना सुरू होता. कापसाचा व्यापार होता, मुंबईत पेढी होती. टीकाकार म्हणायचे, हे दोन्ही दगडांवर पाय आहेत. टीका अगदीच फोल नव्हती. गिरणी-कारखान्यांतून येणाऱ्या पैशावर खादीचे प्रयोग चालावेत, यात विसंगती आहेच. जमनालालजींनी ती लपवली नाही. त्यांनी धंदा बंद केला नाही, त्यातून येणारा पैसा कुठं वळवायचा ते हातात ठेवलं. पैसा फार साठला की माणूस तापतो, हे त्यांनी सतराव्या वर्षी आजोबांच्या घरात पाहिलं होतं. म्हणून एक वाट पुरेना तेव्हा त्यांनी दुसरी उघडली, मग तिसरी. खादी, ग्रामोद्योग, हिंदी प्रचार, शिक्षण. आत बसणाऱ्यांचे म्हणजे घरच्यांचे हाल झाले नाहीत असं म्हणता येणार नाही. जानकीदेवींनी दागिने उतरवले, पडदा सोडला, परदेशी कपड्यांची होळी केली. मारवाडी समाजात या गोष्टींना काय किंमत मोजावी लागली असेल याचा विचार करा.

1928 च्या जुलैमध्ये त्यांनी वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं. जातभाईंनी विरोध केला, बहिष्काराची भाषा झाली. त्यांनी आपल्या घरातला स्वयंपाक आणि विहीरही खुली ठेवली. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीतून तुरुंगात गेले. जयपूर संस्थानाने त्यांना राज्यात यायला बंदी घातली, 1939 मध्ये ते गेले आणि कैदेत पडले. तुरुंगांनी तब्येत ढासळत गेली.

पवनारचा धागा इथं येतो. धाम नदीच्या काठावर जमनालालजींचा एक बंगला होता. 1938 मध्ये विनोबा फार आजारी पडले, वजन उतरलं. कुठंतरी थंड हवेच्या ठिकाणी जा, असं सगळे सांगत होते. विनोबांनी डोंगर निवडला नाही, पवनारचा हा बंगला निवडला. नदीचा पूल ओलांडताना सगळे विचार मागे टाकायचे असं ठरवून ते आले आणि रोज कुदळ घेऊन थोडं थोडं खणू लागले. तब्येत सुधारली. त्या जागेचं नाव झालं परंधाम. 17 ऑक्टोबर 1940 ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी पवनारातच भाषण केलं.

आणि ऑक्सफर्डची गोष्ट पवनारात एक पायरी पुढं गेली, जमनालालजींच्या मागे. 1950 च्या सुमारास विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाशिवाय जगायचं, स्वतः पिकवायचं, शेतीत बैलही वापरायचे नाहीत. आश्रमातल्या मुलांनी विहीर खणली आणि तिच्यावरचा रहाट ते स्वतः ढकलायचे. गोल गोल फिरत, भजनं म्हणत. वर्ध्याच्या शेठजींनी गाडीतून इंजिन काढून बैल आणले. पवनारच्या फकिराने बैलही सोडले आणि माणूस जुंपला. चाकाचा वेग कमी केला की पाणी कमी, वाढवला की जास्त. नियंत्रणाला दुसरा कॉक नाही. पटो न पटो, करून बघायला छाती लागते. मला स्वतःला बैल सोडणं पटत नाही. ज्या देशात बाईमाणसाने पिढ्यान् पिढ्या डोक्यावरून पाणी वाहिलं तिथं रहाट ढकलण्यात पुण्य शोधणं थोडं अवघड जातं. पण जे सुशिक्षित तरुण तो रहाट ढकलत होते त्यांनी दुसऱ्याला जुंपलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल.

जमनालालजींच्या शेवटच्या वर्षाकडे वळतो. 1941 मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर त्यांना राजकारणाचा आणि व्यापाराचा दोन्हीचा कंटाळा आला होता. गांधीजींनी त्यांना गोसेवेचं काम सुचवलं. गोसेवा संघ निघाला. देशातल्या मोठ्या शेठजींपैकी एक असलेला हा माणूस वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडी बांधून राहिला. जनावरांची पैदास, चारा, दूध यात डोकं घातलं. ज्यांनी फोर्डला बैल जुंपले तो गडी बैलाच्या आईपर्यंत पोचला, असं म्हणू या.

11 फेब्रुवारी 1942 ला दुपारी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते अचानक गेले. वय 52. गांधीजी सेवाग्रामहून आले तेव्हा सगळं संपलं होतं. जानकीदेवी सती जाण्याची भाषा करू लागल्या. गांधीजींनी त्यांना वेगळी वाट दाखवली, जमनालालचं काम उचल. त्यांनी ते उचललं. गोसेवा संघाची धुरा घेतली आणि विनोबांची भूदान यात्रा सुरू झाल्यावर कूपदानाचं काम अंगावर घेतलं. जमीन मिळालेल्या भूमिहीनाला पाणी नसेल तर तो काय पिकवणार? म्हणून गावोगाव जाऊन विहिरी मागायच्या. 1956 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

मुलगा कमलनयन यांनी धंदा सांभाळला. जमनालालजींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1945 मध्ये, आजोबा बच्छराजांच्या नावाने एक कंपनी निघाली. तिने 1948 पासून इटलीच्या व्हेस्पा स्कूटर आणायला सुरुवात केली, पुढं परवाना घेऊन इथंच बनवल्या. तीच बजाज ऑटो. त्या स्कूटरच्या इंजिनाला रेडिएटर नव्हता, पाण्याचा थेंबही लागायचा नाही. चाकासारख्या फिरणाऱ्या पंख्याची हवा तेवढी पुरायची. मे महिन्यातल्या वर्धा-नागपूर रस्त्यावर, पवनारचा पूल ओलांडून, घरातले चौघे एका चेतकवर बसून निघाले तरी ती तापून थांबायची नाही.